देठाचं फूल

आमच्या भागातल्या एका बसस्टँडवर मुतारीच्या दोन दारांवर दोन चेहरे रंगवलेले होते. एक पुरुषाचा, एक बाईचा. रंगवणाऱ्याने पुरुषाला एवढे दाट केस आणि एवढे लाल ओठ दिले होते की खेड्यातून आलेल्या बाया हमखास त्याच दारात शिरायच्या आणि आतून ओरडा झाला की तोंडाला पदर लावून बाहेर पळायच्या. सगळा स्टँड हसायचा. हसायचा तो बायांना, रंगवणाऱ्याला कुणी हसत नव्हतं. मी तेव्हा नवा पेंटर होतो आणि एसटीची वाट बघत त्या माणसाला शिव्या घालायचो. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला चित्र वाचावं लागतं, आणि चित्र चुकलं तर बेअब्रू त्याचीच होते, एवढं मला तिथंच उमजायला हवं होतं. उमजलं नाही. त्यासाठी माझी सख्खी बहीण निवडणुकीत पडावी लागली.

मी देवानंद. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत बाजाराच्या कडेला माझं दुकान आहे. पाट्या, भिंती, ट्रॉलीच्या मागची नावं, लग्नाच्या कमानी, जे येईल ते मी रंगवत आलो. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झालो होतो, आणि हे मी गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचो. परीक्षेला मला जाफराबादला घेऊन गेली होती ती माझी मोठी बहीण, केशरआक्का. तिने स्वतः शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी आत पेपर देत होतो तेव्हा ती फाटकाबाहेर लिंबाखाली भाकरीचं फडकं घेऊन दिवसभर बसून राहिली. येताना एसटीत तिने शेजारच्या बाईला सांगितलं, "माह्या भावानं हात लावला का भिंत बोलती." तेव्हा मी एकही भिंत रंगवलेली नव्हती.

आक्काला टेंभुर्णीपासून दोन कोसांवरच्या एका लहान गावात दिलेलं. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच नांदतात. आपली बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वस्तीत पाणी नाही. सगळ्या बाया गावच्या बड्या बागायतदाराच्या, काकासाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीवर जायच्या. काकासाहेब पाण्याला नाही म्हणायचे नाहीत, तेवढे ते शहाणे होते. फक्त नेम ठरलेला होता, आधी त्यांची जनावरं हौदावर पिऊन जाणार, मग बायांनी घागर लावायची. जनावरं आरामात यायची. बाया बांधावर रांगेने उभ्या राहायच्या, एकमेकींच्या सोबतीने, कारण मळ्यात एकटीने जायची कुणाची छाती नव्हती. आक्का म्हणायची, "बैल पाणी पिऊन आपल्याकडं बघतो न, तवा मला लई लाज वाटती रे देवा."

नळाची योजना मंजूर झाली होती. पाइप येऊन ग्रामपंचायतीसमोर पडले होते. ते वस्तीकडे जाणार की काकासाहेबांच्या गल्लीत जिरणार, हे नवा सरपंच ठरवणार होता. आणि सत्त्याण्णव साली सरपंचपद आमच्या समाजगटातल्या बाईसाठी राखीव निघालं. तशी एकच जागा गावात होती, वॉर्ड नंबर दोनमध्ये. म्हणजे त्या जागेवर जी निवडून येईल तीच सरपंच. आक्काने अर्ज भरला. काकासाहेबांनी आपल्या सालगड्याच्या बायकोला, तुळजाबाईला उभं केलं. तिला बिचारीला कुणी विचारलंही नसेल, अंगठा तेवढा घेतला असेल. वॉर्डात आमच्या वस्तीची मतं जास्त होती. वस्ती एक राहिली तर आक्का येणार, हे काकासाहेबही जाणून होते.

चिन्हं वाटली त्या दिवशी मी आणि आक्काचे मालक पुंजारामदाजी जाफराबादला गेलो. तुळजाबाईला पंखा मिळाला, आम्हाला सूर्यफूल. दाजी खूश झाले. साहेबाने चिन्हाचा नमुना छापलेला कागद हातात दिला. मी तो बघितला आणि माझं डोकं सणकलं. सूर्यफूल म्हणे! काळा गोळा आणि त्याच्या भोवती दाते पाडलेले. ना देठ, ना पान. चुलीवर करपलेली भाकरी बरी.

"हे काय फूल हाय?" मी म्हणालो. "याच्यात जीव न्हाई, दाजी. बघा तुम्ही, मी कसं काढतो."

दाजी साधा माणूस. विहिरी खोदायच्या कामावर जाणारा. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. "पण पाव्हणं, हाय तसंच काढलं तर न्हाई का चालणार? सरकारनं दिलंय ते."

"सरकारला काय कळतं चित्रातलं?"

"मला बी न्हाई कळत," दाजी म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला. तो कागद मी घडी करून खिशात घातला आणि पुन्हा कधी उघडला नाही.

पुढचे आठ दिवस मी दुकान बंद ठेवलं. वस्तीतली एकूण एक भिंत चुन्याने पांढरी केली आणि त्यावर सूर्यफूल चढवलं. पिवळ्या पाकळ्या, त्यांच्या कडेला थोडी तांबूस छटा, मधला बियांचा भाग तपकिरी. आणि खाली उंच, जाड, हिरवागार देठ, थोडा वाकडा, वाऱ्यावर डुलल्यासारखा. त्याला दोन पानं. आक्काच्या दारासमोरच्या भिंतीवर तर पुरुषभर उंचीचं फूल काढलं. ते काढायला दोन दिवस लागले. बाया भाकरी थापायच्या सोडून बघायला यायच्या. गोजरबाई म्हणून एक म्हातारी होती, आक्काच्या शेजारची. आक्काची मुलगी तिच्या हातावर जन्मली होती. ती बोटाने देठाला हात लावून बघायची आणि म्हणायची, "खरं वाटून राह्यलं बाबा. आता खुडून घ्यावं असं."

घरोघर वाटायच्या चिठ्ठ्याही मीच छापल्या. लाकडी ठसा कोरला, त्यातही देठ सोडला नाही. मतदानाचं बायांना शिकवायचं काम आक्काने घेतलं. संध्याकाळी सगळ्यांना अंगणात बसवायची आणि भिंतीकडे हात करायची. "नीट बघून घ्या. हे आपलं. देठाचं फूल. दुसरं काही बी असलं तरी तिकडं बघायचं न्हाई." बाया एका सुरात म्हणायच्या, देठाचं फूल.

वस्तीच्या तोंडाशी एका कुडावर काकासाहेबांच्या कुणा माणसाने पंख्याचं चित्र काढलं होतं. हात अगदी कच्चा होता, पण नमुन्याच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलेलं. टेबलावर ठेवायचा असतो तसला पंखा. रात्रीत काढून गेला असावा. मी सकाळी उठून त्यावर चुन्याचे दोन हात मारले. आमच्या वस्तीत पंखा दिसता कामा नये, असा माझा तोरा होता. वस्तीत वीज मोजक्या घरांत, आणि पंखा म्हणाल तर बायांनी शाळेच्या खोलीत छताला लटकलेला तेवढा बघितलेला. त्यांच्या लेखी पंखा म्हणजे तो.

मतदान झालं. वस्ती झाडून उतरली. मोंढ्यात हमालीला जालन्याला गेलेली माणसंसुद्धा परत आली. आक्काने नवं लुगडं नेसून सगळ्यात आधी मत टाकलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "झालं बराबर." तिच्या तोंडावर जे होतं ते मी तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

मोजणी जाफराबादला होती. आमच्या बाजूने टेबलापाशी मला बसवलं. पेटी उघडली, आमच्या जागेचे गुलाबी कागद टेबलावर पडले, आणि दोन्ही चिन्हं एकाखाली एक, एका कागदावर, मी त्या वेळी पहिल्यांदा बघितली. अंगठ्याच्या नखाएवढी. काळी. वर तो दाते पाडलेला गोळा. खाली पंखा, गोल डोकं, आत पाकळ्यांसारखी पाती, खाली सरळ दांडा, आणि दांड्याखाली पसरट बूड.

 माणूस मतं मोजत होता आणि पंख्याच्या गठ्ठ्यात कागद पडत होते. कित्येक कागदांवर शिक्का पंख्याच्या डोक्यावर नव्हता, नेमका दांड्यावर होता. कुणीतरी नीट बघून, हात स्थिर धरून, चूक होऊ नये म्हणून देठावर मारावा तसा.

आक्का तेरा मतांनी पडली. मी कागदावर सही केली. साहेबाने विचारलं, काही हरकत? मी नाही म्हणालो. हरकत घ्यायची तरी कुणावर?

वस्तीत आलो तर दारं बंद. आक्का आत चुलीपाशी बसलेली, चूल विझलेली. दाजी बाहेर ओसरीवर म्हणत होते, "मतं फुटली. आपल्यातलीच फुटली." ओसरीवर दहाबारा माणसं जमली होती आणि त्यातल्या प्रत्येकाला कोण फुटलं ते ठाऊक होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी गोजरबाईचा नातू तापाने फणफणला होता आणि काकासाहेबांच्या जीपने त्याला टेंभुर्णीच्या दवाखान्यात नेलं होतं. तेवढं पुरलं. जीप आली, म्हणजे लुगडी आली असणार. गोजरबाईच्या तीन सुना, तीन लेक, जावा, पुतण्या, बोटं मोजून लोकांनी तेरा मतं बरोबर जुळवली.

गोजरबाई आली. बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मी देठाच्या फुलावरच शिक्का मारला. माह्या सुनांनी बी. केशर, तुह्या लेकीची आण."

आक्का उठली. तिला मी कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं. "माह्या लेकीचं नाव तोंडात घ्यायचं न्हाई. जीपमंधी बसताना कुठं गेल्ती आण?"

मी तिथं होतो. हातभर अंतरावर. मी बोलायला हवं होतं, "आक्का, म्हातारी खरं बोलून राह्यली." पाच शब्द. मी खाली बघत राहिलो. त्या क्षणी मला गोजरबाईची दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मला फक्त वाटलं, की कुणीतरी सापडलंय आणि ते मी नाही.

नळ काकासाहेबांच्या गल्लीत गेला. शेवटचा पाइप त्यांच्या गोठ्याच्या हौदापाशी संपला. तुळजाबाई सरपंच झाली आणि दुसऱ्या दिवशी निंदायला गेली. आमच्या बाया होत्या तिथंच राहिल्या, बांधावर रांगेत, फक्त रांग एका घराने आखूड झाली. गोजरबाईला पाण्याला कुणी हाक मारीना. तिच्या सुना लगेचच कामाच्या शोधात नवऱ्यांबरोबर जालन्याला वीटभट्टीवर गेल्या, म्हातारी मागे राहिली. सगळ्या पाणी भरून परतल्या की ती दोन कळश्या घेऊन एकटी मळ्यात जायची.

आणि माझं काय झालं? माझं भलं झालं. ऐकून राग आला तर येऊ द्या, मलाही येतो. नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीचा माणूस गाडीवरून त्या रस्त्याने चालला होता. वस्तीतल्या भिंती बघून त्याने ब्रेक लावला. आक्काच्या दारासमोरच्या फुलापुढे उभा राहिला आणि म्हणाला, असलं जिवंत सूर्यफूल मी कॅलेंडरवरही पाहिलेलं नाही. कंपनीचं सूर्यफुलाचं बी नवीन निघालं होतं. मला भोकरदन, जाफराबाद, देऊळगावपर्यंतच्या भिंती मिळाल्या. दोन वर्षं मी तेच फूल रंगवत हिंडलो. लोक थांबून वाहवा करायचे. माझं फूल चांगलंच होतं, त्यात काही खोट नव्हती. ते फक्त आक्काच्या कामाचं नव्हतं. तिला तो काळा गोळा हवा होता, जसाच्या तसा, शंभर वेळा, प्रत्येक दारावर. तो काढायला हात लागत नाही, मन मारावं लागतं. ते मला जमलं नाही.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात एका बाजारच्या दिवशी गोजरबाई माझ्या दुकानात आली. काठी टेकत, पायी आली होती. माझ्या दुकानाशेजारी एक विजेच्या सामानाचं दुकान निघालं होतं आणि दारात टेबलपंख्यांची खोकी रचून ठेवली होती. खोक्यांवर पंख्याचं चित्र होतं. म्हातारी त्यांच्यासमोर किती वेळ उभी होती कोण जाणे. मग माझ्याकडे वळली.

"देवानंद बाबा, हे काय हाय?"

"पंखा हाय, आजी."

"पंखा," ती म्हणाली. "हेच फूल व्हतं त्या कागदावर. देठ व्हता. खाली कुंडी व्हती. मी मनात म्हन्लं, पोरानं कुंडी काहून न्हाई काढली भिंतीवर?" तिने माझ्याकडे बघितलं. "तू तवा मोजायला गेल्ता न?"

मी ब्रश पाण्यात बुडवला, पुन्हा काढला.

"तुला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. नंतर पायरीवर बसून तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि ग्लास उपडा ठेवून निघून गेली. जाताना एवढंच बोलली, "केशरला सांग बाबा. माह्या जिवात जीव हाय तवर सांग."

मला सांगायला दोन महिने लागले. एकदा निम्म्या वाटेवरून परत आलो. शेवटी एका दुपारी गुलाबी कागद घेतला, त्यावर काळ्या शाईने दोन चिन्हं काढली, जशी होती तशी, तेवढीच लहान, एकाखाली एक. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न सुधारता चित्र काढलं. कागद खिशात घालून आक्काकडे गेलो.

आक्का ज्वारी निवडत बसली होती. चार वर्षांत ती पार वाळली होती. मी कागद तिच्यासमोर सुपाशेजारी ठेवला.

"हे काय रे?"

"बघ न. त्या टायमाला मतदानाला असाच कागद व्हता."

तिने कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. ओळखीचं माणूस दिसावं तसं तिचं तोंड उजळलं. "हां, बराबर असाच." आणि माझ्याकडे न बघता तिने खालच्या पंख्यावर बोट ठेवलं. "हे आपलं. मी इथं मारला व्हता शिक्का. चांगला देठावर दाबून मारला, म्हणजे इकडं-तिकडं जायाला नको."

 मी सगळं ठरवून आलो होतो, कुठून सुरुवात करायची तेसुद्धा. आक्काने कागद खाली केला.

"असा काहून बसला? काय झालं?"

"आक्का, ते फूल न्हाई. तो पंखा हाय. तुळजाबाईचा."

"आन हे वरचं?"

"ते आपलं सूर्यफूल."

तिने वरच्या गोळ्याकडे बराच वेळ बघितलं. "याला देठ कुठं हाय?"

"नव्हताच. देठ मी लावला."

सुपातली ज्वारी तिने हळूहळू एका बाजूला सारली. मला वाटलं ती ओरडेल, सूप फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हंजे मीच मला पाडलं." तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मोजणीला."

"मोजणीला," ती म्हणाली. मग तिने माझ्या तोंडाकडे बघणं सोडलं, ते आजतागायत. बोलते, जेवायला वाढते, रक्षाबंधनाला राखीही बांधते, पण हाताकडे बघून.

ती उठली, कागद मुठीत धरला आणि तशीच गोजरबाईच्या घराकडे निघाली. मी मागोमाग गेलो. म्हातारी दारात झाडायचा फडा बांधत बसली होती. आक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि कागद पुढे केला. 

"गोजरामाय, तू खरी व्हतीस. मी बी… मी बी देठावरच मारला व्हता."

गोजरबाईने कागद हातात घेतला नाही. फड्याची गाठ दाताने आवळली, उरलेला दोरा तोडला.

"उद्यापून सकाळी माह्यासंगं चल पाण्याला," आक्का म्हणाली. "मी हाक मारीन. सगळ्याजणी मारतील. मी सांगते त्यांला."

"चार साल त्या मळ्यात एकली गेले, केशर," गोजरबाई म्हणाली. "पयल्या साली भेव वाटायचं. तवा हाक पायजे व्हती."